नावाच्या जागी

माझं नाव रघोजी आहे हे माझ्या बायकोला ठाऊक आहे की नाही, अशी शंका यावी इतकी वर्षं आमच्या लग्नाला झाली होती आणि तेवढ्या वर्षांत तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. तिच्या लेखी मी ‘हे’. ‘हे आले’, ‘ह्यांस काप्पी दे’, ‘हे म्हणतात ते सगळं खरं धरू नको’. मला हाक मारायची झाली तर ‘ऐकलं की?’ आणि फारच राग आला तर ‘श्रीविद्याचे अप्पा’. तिच्या मावसबहिणीनं मुलाचं नाव रघुराम ठेवलं, तेव्हा तिनं त्या नावाचा पहिला अर्धा भाग टाकून दिला आणि पोराला आजवर नुसतं राम म्हटलं.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या अम्मम्मानं, म्हणजे आजीनं, तिला लहानपणी सांगितलं होतं. अम्मम्मानं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी ती केव्हाच विसरली, ही मात्र धरून बसली. तिकडे महाराष्ट्रात लग्नात नवरीला सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाव घ्यायला लावतात, तेही यमक जुळवून, असं मी एका मासिकात वाचलं आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणूनच आपले लोक तिकडून निघून आले असतील.”

ते मासिक पुण्याहून टपालानं येतं. आमच्या गल्लीत, म्हणजे तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, मराठी बोलणारी घरं अजून बरीच आहेत, पण देवनागरी वाचणारा मी बहुधा एकटाच. वडिलांनी छडी हातात घेऊन शिकवली. पुढे ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत नोकरी केली, तिथं सगळा कारभार तमिळ आणि इंग्रजीत, तेव्हा या अक्षरांचा मला पैशाचाही उपयोग झाला नाही. आता एक उपयोग आहे. घरात हे कोणी वाचू शकत नाही, त्यामुळे मी मोकळेपणानं लिहू शकतो.

बायकोचं नाव चंद्रमती. मी तिचं नाव घेतो, त्याला कुणाची हरकत नाही.

चंद्रमतीचा आवाज गाणाऱ्या बाईचा नव्हता, ओरडणाऱ्या बाईचा होता. स्वयंपाकघरातून तिनं ‘थांब रे’ म्हटलं की रस्त्यावरचा किरैवाला पालेभाजीची सायकल घेऊन आपसूक थांबायचा. तो आवाज मार्गळी महिन्याच्या थंडीत बसला. आम्ही आलं, मिरी, मध सगळं करून पाहिलं. उन्हाळा आला तरी तो सुटेना, तेव्हा त्रिचीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर सज्जन होता. त्यानं कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि कुठं काय वाढलंय ते दाखवलं. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाला. श्वासासाठी गळ्याला पुढून भोक ठेवू. जीव वाचेल, पण आवाज जाईल.

“सगळा?” चंद्रमतीनं विचारलं.

“सगळा,” डॉक्टर म्हणाला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मी तिच्याकडे. मला तेव्हा फार भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मी चिडतो, म्हणून मी कंडक्टरशी भांडलो.

आमची मुलगी श्रीविद्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, वीज हा तिचा विषय. आमच्याजवळच राहते. बोलता न येणाऱ्या माणसांसाठी फोनवर, टॅबवर सोयी असतात, हे तिनंच शोधून काढलं. चित्राचं बटण दाबलं की यंत्र तो शब्द बोलतं. तिनं मराठीतली एक सोय उतरवून घेतली आणि अम्माला ऐकवली. आतून एक बाई बातम्या दिल्यासारखी बोलली, ‘कृपया मला पाणी हवे आहे.’

चंद्रमतीनं ती दोनदा ऐकली. “ही बाई कोण?” ती बसलेल्या आवाजात म्हणाली. “हीस आपल्या घरात कशास आणता?”

मग श्रीविद्यानं ठरवलं की आपणच करायचं. अम्माचे शब्द, अम्माच्याच आवाजात, आवाज आहे तोवर भरून ठेवायचे. त्यासाठी जावास्क्रिप्ट लागतं, म्हणाली. तिला ते येत नव्हतं. कॉलेजातून आली की कॉम्प्युटरवर त्याचे धडे बघायची आणि बघता बघता इडली गार करून खायची. मला तिचा अभिमान वाटत होता. तसं मी बोललो नाही, इडली गार होते एवढंच बोललो.

पान तयार झालं. टॅबवर बटणांची रांग, प्रत्येकावर चित्र आणि खाली तमिळ अक्षरांत शब्द, कारण चंद्रमतीला तीच लिपी येते. शब्द निवडायचा, लाल टिकली दाबायची, बोलायचं, पुन्हा दाबायची. लगेच तो शब्द परत ऐकू यायचा. बरोबर आला की पुढचा.

भरायचं काम धान्याच्या खोलीत चालायचं, कारण तिथं पंखा नाही. तांदळाच्या पोत्यावर चंद्रमती, समोर टॅब धरून श्रीविद्या, आणि दारात मी. पाणी. पुरे. दुखतं. पंखा लाव. मज नको. तूप वाढू का. उजेड कर. तिला एकदा त्यातली गोडी लागल्यावर ती श्रीविद्यानं न दिलेले शब्दही घालायला लागली. ‘उगीच उभे राहू नका’ हे वाक्य तिनं माझ्याकडे बघत भरलं. ‘डोस्कं फिरलं की काय’ हे तिनं दोन प्रकारे भरलं, एक माझ्यासाठी आणि एक गल्लीतल्या शेषम्मासाठी. आवाज घोगरा होता, मध्येच फाटायचा, पण तिचाच होता. एका शब्दामागे सायकलची घंटा आली म्हणून श्रीविद्या पुन्हा घेऊ या म्हणाली, तर ही म्हणाली, “राहू दे. तीही आपल्या गल्लीचीच असे.”

प्रत्येक शब्द आम्ही तिथल्या तिथं ऐकला. प्रत्येक बरोबर होता. त्या बिनपंख्याच्या खोलीत घामानं भिजून आम्ही तिघं हसलो, याची मला आज गंमत वाटते.

मग हॉस्पिटलातून फोन आला, की ठरल्या तारखेच्या आधीच जागा मिळते आहे, उद्याच या. श्रीविद्या म्हणाली, “झालंच आहे सगळं, अम्मा. टॅब बॅगेत भरते.”

“एक राहिलं असे,” चंद्रमती म्हणाली. “तुम्ही दोघं बाहेर जा.”

नवं बटण कसं करायचं ते तिनं श्रीविद्याकडून समजून घेतलं आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. आत बराच वेळ काही ऐकू येईना. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि पाठोपाठ ती बाहेर आली. टॅब माझ्या हातात दिला. शेवटी एक बिनचित्राचं बटण वाढलं होतं, त्याखाली तिनं तमिळमध्ये टाइप केलं होतं, ‘हे’.

मला वाटलं, वस्तू दाखवून मागायला केलं असेल. हे पाहिजे, हे नको. मी चेष्टा केली, “मग ‘ते’सुद्धा भर की. लांबच्या वस्तूही मागता येतील.”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हांस सगळं कळतं.”

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खिडकीत कारकुनानं अर्ज भरायला घेतला. तिचं नाव, वय, गाव. मग ‘कणवर पेर?’ म्हणजे नवऱ्याचं नाव. चंद्रमतीला तेव्हा अजून आवाज होता. तिनं कोपरानं मला पुढं ढकललं. मी माझं नाव सांगितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन-तीन दिवसांनी तिला वॉर्डात आणलं. नाकात नळी, गळ्याभोवती पट्टी, मध्ये ते भोक, त्यातून श्वासाचा शिट्टीसारखा आवाज. तेवढाच तिचा आवाज. तिनं आम्हाला बघितलं, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तिला हे होणार हे माहीत होतं, तरी तिच्या तोंडावर आश्चर्य दिसलं. मला ते बघवलं नाही.

श्रीविद्यानं घाईनं टॅब काढून तिच्यासमोर धरला. नर्सही बघायला थांबली. चंद्रमतीनं सावकाश बोट नेलं आणि ‘दुखतं’वर दाबलं.

“रघोजी,” टॅब बोलला.

घोगरा, दबका, तिचा आवाज. मागे कुकरची शिट्टी.

मला आधी कळलंच नाही. नाव माझं, आवाज तिचा, आणि या दोन गोष्टी एका ठिकाणी मी कधी ऐकल्या नव्हत्या. चंद्रमतीनं बोट झटकन मागं घेतलं. मग ‘पंखा लाव’ दाबलं. “रघोजी.” ‘पुरे’ दाबलं. “रघोजी.” ‘मज नको’. “रघोजी.”

“रघोजी कोण?” नर्सनं तमिळमध्ये विचारलं आणि आमच्याकडे बघितलं.

चंद्रमतीनं टॅब ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. नळ्या होत्या म्हणून पूर्ण वळता आलं नाही. जेवढं वळता आलं तेवढी वळली.

श्रीविद्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ वर-खाली बघत होती. मग तिनं एके ठिकाणी बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. मी जवळ गेलो तर तिचे ओठ पांढरे पडले होते.

“काय झालं?”

“बाकीचे आवाज नाहीत, अप्पा.”

“म्हणजे कुठं गेले?”

“कुठं गेले नाहीत. राहिलेच नाहीत.”

मी तिला समजावून सांगायला लावलं. खरं तर मला समजून घ्यायचं नव्हतं, कुणावर तरी ओरडायचं होतं. तिनं मात्र सांगितलं. “धरा की मी कोणाला तरी डब्यांवर नावं घालायला बसवलं. सांगितलं, जो जिन्नस येईल तो डब्यात भर आणि डब्यावर जिन्नस लिही. माणूस असता तर त्यानं साखर लिहिलं असतं, रवा लिहिलं असतं. यानं डब्यावर ‘जिन्नस’ एवढंच लिहिलं. दुसरी वस्तू आली, तर ‘जिन्नस’ लिहिलेला डबा आहेच. आधीचं ओतून टाकलं आणि नवं भरलं. प्रत्येक वेळी. एकच डबा, अप्पा. भरून झाल्याबरोबर बघितलं तर बरोबरच दिसणार, कारण शेवटचं आत असतंच.”

“आणि हे तुला दिसलं नाही.”

“मी टिंब दिलं,” ती म्हणाली. तिनं इंग्रजीत लिहिलेलं मी मराठीत मांडतो. तिनं लिहिलं होतं, आवाज.शब्द. टिंबापुढे लिहिलेलं यंत्र जसंच्या तसं नाव म्हणून घेतं. शब्द म्हणजे ‘शब्द’, बाकी काही नाही. लिहायला हवं होतं, आवाज[शब्द]. तो चौकोनी कंस घातला की यंत्राला कळतं, हे नाव नव्हे, ही नावाची जागा आहे, आत जे असेल ते घे.

“पोरांचे तू एका टिंबासाठी मार्क कापतेस,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, कापते म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी मी थांबलो नाही, आणखी काय काय बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि बोलताना माझ्या डोक्यात मागं दुसरंच चाललं होतं. आमच्या घरात एक बाई आहे, तिनं जन्मभर ‘हे’ म्हटलं आणि प्रत्येक वेळी त्या ‘हे’च्या आत माझं नाव ठेवलं. ते मला कळायला तिचा गळा जावा लागला.

घरी आलो. नळी निघाली, पेज घेता येऊ लागली. गळ्याला धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, त्यातून भुंग्यासारखा आवाज निघतो. तिला दाखवलं, तिनं हातानंच बाजूला सारलं. टॅबला तर ती शिवेना. आम्ही पाटी आणली. ती पाटीवर तमिळ अक्षरांत मराठी लिहायची, त्यात क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर, त्यामुळे वाचताना माझी परीक्षा व्हायची. एकदा तिनं काडी मागितली आणि मी गाडी बोलावली. असं चाललं होतं.

तिचा जुना आवाज कुठं आहे का, ते श्रीविद्या शोधत राहिली. फोनवर बोलून निरोप ठेवायचा चंद्रमतीला कंटाळा. एका लग्नाच्या चित्रफितीत ती कॅमेऱ्यामागून म्हणते, ‘सरक, सरक’, आणि वर नादस्वरम वाजतो. बस, एवढंच. म्हणजे तिच्या आवाजाचं निखळ असं एकच काही उरलं होतं, ते टॅबमध्ये, आणि ते माझं नाव होतं.

दुपारी ती झोपली की मी टॅब घेऊन धान्याच्या खोलीत जायचो. आवाज कमी करून कानाला लावायचो. पहिलं अक्षर ती चाचरत म्हणते, ‘घो’वर थोडी थांबते, आणि ‘जी’ पटकन टाकून देते. मग शिट्टी. शिट्टीनंतर, टिकली पुन्हा दाबायच्या आत, अगदी बारीक काहीतरी आहे. ती हसली आहे किंवा खोकली आहे. ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी आई गेल्यापासून घरात मला नावानं हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला याचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला ते ऐकावंसं वाटायचं.

एके दिवशी मान वर केली तर ती दारात उभी होती. हातात पाटी.

तिनं लिहिलं, ‘पुसा.’

“का?”

‘पुसा.’

“तुझा आवाज एवढाच राहिला आहे,” मी म्हणालो. “जगात कुठंही दुसरा नाही. तो पुसू?”

ती पोत्यावर बसली. बराच वेळ लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी पाटी माझ्याकडे वळवली. ‘वाटलं मी परत येत नाही. गेलेल्या बाईनं नाव घेतलं तर लागत नाही. तुम्हांस मागून सापडावं म्हणून घेतलं. पण मी आले.’

ती मरायला निघाली होती आणि जाताना माझ्यासाठी तेवढं ठेवून चालली होती. वाचली, म्हणून आता तिचीच ठेव तिला विषारी वाटत होती.

“असं काही नसतं,” मी म्हणालो. “तिकडं सगळ्या बायका नावं घेतात. तिकडचे नवरे काय सगळे मेले?”

तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, ‘किती वेळा ऐकलं?’

मी टॅब पालथा घातला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला जे समजायचं ते समजलं. तिचा चेहरा जो पडला, तो मी विसरणार नाही. ऐकलेल्या प्रत्येक वेळेमागे ती माझ्या आयुष्यातून काहीतरी वजा करत होती.

तरी मी पुसलं नाही. हट्ट म्हणा. आयुष्यभर घरात तिचाच हट्ट चालला, एकदा माझा चालू दे, असं मी स्वतःशी म्हणालो. मग एका संध्याकाळी वाळक्काय बज्जी, म्हणजे कच्च्या केळ्याची भजी, जरा जास्त झाली आणि माझ्या छातीत कळ आली. मी भिंतीला टेकलो, एवढंच. चंद्रमतीनं ताट घेतलं, पळी घेतली आणि दारात जाऊन ते असं बडवलं की शेषम्मा आणि अर्धी गल्ली धावत आली. ऑटोतून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाला गॅस आहे. सगळे हसले. मीही हसलो. चंद्रमती हसली नाही. तिच्या गळ्यातल्या भोकातून श्वास भराभर शीळ घालत होता आणि हातात ती पळी तशीच होती.

त्यानंतर तिनं अन्न सोडल्यात जमा केलं. पेज पुढं ठेवली की दोन घोट घ्यायची आणि माझ्याकडे बघत बसायची. मी शिंकलो तरी बघायची. अंगात आधीच काही राहिलं नव्हतं. डॉक्टरनं वजनाचा काटा बघून मला आणि श्रीविद्याला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, असं चाललं तर पुढचे उपचार हिला झेपणार नाहीत.

श्रीविद्यानं तोवर पान दुरुस्त केलं होतं. टिंबाच्या जागी कंस आला होता. सगळे शब्द तिनं आपल्या आवाजात भरले होते. तिचा आवाज तिच्या अम्मासारखाच आहे, फोनवर नातेवाईक हमखास फसायचे. ‘डोस्कं फिरलं की काय’ तिनं दोन्ही प्रकारे भरलं, आणि ते करताना तिचा आवाज फुटला, तो पुन्हा घ्यावा लागला. शेवटचं ‘हे’ मात्र तिनं हात न लावता ठेवलं होतं. ते बटण दाबलं की जुना आवाज येई, बाकी सगळीकडे नवा.

“पुसायचं,” मी तिला स्वयंपाकघरात सांगितलं.

तिनं चालू नळ बंद केला. मग हळूच म्हणाली, “अप्पा, टॅबवरून पुसू. एक प्रत माझ्याकडे राहू दे. अम्मास कळणार नाही.”

खरं सांगतो, माझा जीव त्यात अडकला. एक प्रत. कुठं तरी, कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर, कुणाला दिसणार नाही अशी. ऐकली नाही तरी चालेल, आहे एवढं माहीत असलं म्हणजे झालं. मी ‘हो’ म्हणायला तोंडही उघडलं.

“तिला कळणार नाही,” मी म्हणालो. “पण मला माहीत असेल. आणि माझ्या तोंडावरचं तिला वाचता येतं, ते तुला माहीत आहे.”

श्रीविद्यानं पदरात तोंड झाकलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या बाकावर जे बोललो होतो त्याबद्दल मी तिची माफी कधी मागितली नव्हती, ती तेव्हा मागितली. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

आम्ही टॅब घेऊन चंद्रमतीपुढं बसलो. श्रीविद्यानं पुसायचं बटण दाखवलं. “एकदा ऐकू?” मी विचारलं. “शेवटचं?”

चंद्रमतीनं मान हलवली, नाही. आणि टॅबच्या ज्या कडेतून आवाज येतो तिच्यावर हात दाबून धरला. मी न ऐकताच दाबलं. पुसलं गेलं तेव्हा काहीच झालं नाही. एवढी मोठी गोष्ट जाते तेव्हा निदान काही तरी वाजायला हवं होतं.

तिनं त्या दिवशी दहीभात खाल्ला. वाटी पुसून खाल्ली, आणखी मागितला. मी वाढला. मला रडू येत होतं आणि मी रडलो, तिच्यासमोरच. तिनं वाटी खाली ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवला, पण चेहऱ्यावर सुटका होती. ती लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

आता पुढचे उपचार चालू आहेत. बरं होईल की नाही हे डॉक्टर सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. ती टॅब वापरते. घरभर श्रीविद्याचा आवाज फिरतो, पाणी, पुरे, उजेड कर. ‘हे’ बटण अजून आहे. श्रीविद्या काढते म्हणाली, तर चंद्रमतीनं काढू दिलं नाही. दाबलं तर त्यातून काही येत नाही.

परवा दुपारी मी तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, पेपर वाचत होतो. कशासाठी तरी मागं वळलो तर ती आतल्या दाराशी बसली होती, मांडीवर टॅब, बोट ‘हे’वर, आणि माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, कुठून असणार. तोंड थोडं उघडलं, मग ‘ओ’ म्हणताना होतो तसा ओठांचा गोल झाला, मग दात दिसले.

मी पेपर खाली ठेवला. तिनं पुन्हा तसंच केलं, सावकाश, मला वाचता यावं म्हणून. माझी खात्री पटली तेव्हा मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “हे चालतं का? याला काही लागत नाही?”

तिनं पाटी ओढली. ‘आवाज नाही. मग नाव घेतलं असं कुठं झालं.’

आणि मला तिसऱ्यांदा हाक मारली. मग रिकामा सोम्बू, म्हणजे पाण्याचा तांब्या, पुढं केला, पाणी पाहिजे होतं.

तेव्हापासून ती मला नावानंच बोलावते. दिवसातून कितीही वेळा. पण ती हाक ऐकू येत नाही, बघावी लागते. म्हणून मी आता तिण्णैवर रस्त्याकडे पाठ करून, घराकडे तोंड करून बसतो. गल्लीतली माणसं जाता-येता विचारतात, रघोजी, भिंतीकडे काय बघत बसता? मी त्यांना काही सांगत नाही. तेवढ्यात तिनं हाक मारली तर चुकायला नको.